आखूड बाही

मास्तरांनी कात्री चालवली आणि लोकरी कापडाची पट्टी टेबलावरून खाली पडली. काजं करत बसलेल्या त्यांच्या बायकोने ती उचलली, बोटांनी मापली आणि वर पाहिलं.

"अहो, ही बाही तुम्ही सकाळीच कापली होती."

"सकाळी डावी कापली."

"डावी तशीच आहे. हीच कापली होती."

मास्तरांनी दोन्ही बाह्या शेजारी ठेवून पाहिल्या. डावीला अजून कात्री लागली नव्हती. उजवी मात्र आता मनगटापर्यंतही पोचली नसती. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि काही न मापताच पुन्हा गळ्यात घातली.

कोरोना त्यांना तसा हलकाच झाला होता. थोडा ताप, थोडा खोकला. हॉस्पिटलही बघावं लागलं नाही. शेजारी म्हणाले, स्वस्तात सुटलात. पण नंतर दुकानाचं शटर उचललं की धाप लागायची, आणि माप सांगता सांगता आकडा जिभेवरून नाहीसा व्हायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ताप गेला म्हणजे आजार गेला असं नसतं. कुणाचा दम जातो, कुणाची स्मरणशक्ती. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, पण कधी ते मी सांगू शकत नाही. दमायच्या आधी थांबत जा."

बाहेर आल्यावर मास्तर बायकोला म्हणाले होते, "ह्यांनी कधी शाळेचे गणवेश शिवलेत का? म्हणे थांबत जा."

आता मात्र ते स्टुलावर बसले. कोट एका निवृत्त शिक्षिकेच्या नवऱ्याचा होता. याच आजारात ते गृहस्थ चालत हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. बाई म्हणाल्या होत्या, माझ्या मापाचा करून द्या.

"पट्टी जोडते मी," बायको म्हणाली. "वरून कफ लावू. फॅशन म्हणून खपेल. झाकली मूठ."

"उद्या दुसऱ्या कुणाचा कोट कापीन. किती कफ लावशील?"

तिने पट्टी बाजूला ठेवली आणि पुन्हा काजं करायला घेतली.

संध्याकाळी बाई आल्या. मास्तर उठून उभे राहिले आणि लगेच टेबलाला धरून बसले.

"बाई, कोट बिघडला माझ्या हातून. एकच बाही दोनदा कापली. आधी कापल्याचं लक्षातच राहिलं नाही. आजारापासून असं होतंय." डॉक्टरीणबाई सोडल्या तर घराबाहेरच्या माणसाला त्यांनी हे पहिल्यांदाच सांगितलं.

बाईंनी कोट अंगात चढवला. उजवं मनगट उघडं पडलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ह्यांनी तुम्हाला चांगलंच फैलावर घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "कपड्यांच्या बाबतीत फार कडक." मग म्हणाल्या, "जोडता येईल?"

"येईल. पण सांधा दिसेल."

"दिसू दे."

कोट लगेच न काढता त्यांनी कॉलर नाकापाशी नेली.

"तेव्हा मलाही झालं होतं. वास गेला तो अजून आलेला नाही. मुलगी म्हणते, कोटाला बाबांच्या दाढीच्या साबणाचा वास येतो. मी कपाटात तोंड खुपसून उभी राहायची, काही म्हणता काही नाही. म्हटलं, निदान अंगावर तरी घालावा." त्यांनी कोट काढून मास्तरांपुढे धरला. "येतो का हो अजून?"

कापायच्या आधी मास्तरांनी ओलं फडकं टाकून साऱ्या कोटावर कडक इस्त्री फिरवली होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिची मान खाली होती, सुई हातात थांबली होती. मास्तरांनी कॉलरमध्ये तोंड घातलं. वाफाळलेली लोकर आणि खडू, एवढंच.

"येतो," ते म्हणाले. "कॉलरपाशी जास्त."