रातपालचा शेवट

ललितला कॉमिक्स वाचताना पाहिलं की त्याची कीव करावी की हेवा करावा, हे पाहणाऱ्याला चटकन ठरवता येत नसे. माणूस पन्नाशीला टेकलेला, अमरावतीच्या सरकारी कचेरीत अव्वल कारकून, डोक्यावरचे केस बोटांवर मोजण्याइतके. संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायचा, चहाचा कप जवळ घ्यायचा आणि रातपाल मांडीवर उघडायचा. रातपाल म्हणजे एका हातात कंदील, दुसऱ्या हातात लाठी आणि मागे शेरू नावाचा कुत्रा घेऊन गावाची राखण करणारा पहारेकरी. भाषा हिंदी, कागद हलका, रंग रेघांच्या बाहेर सांडलेले. चित्रात 'धडाम' आलं की ललितही तोंडातल्या तोंडात धडाम म्हणायचा. या वयात लोक गुडघ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचतात. ललित सुखी होता, आणि सुखी माणसाला नावं ठेवायला लोकांना फार आवडतं.

"पोरगी लग्नाची झाली अन बाप धडाम-धडाम करून रायला," असं त्याची बायको रश्मी म्हणायची खरी, पण चहा तीच आणून द्यायची.

घरात एकच माणूस त्या पुस्तकांकडे ढुंकून पाहत नसे. ती त्याची आई, पंचफुलाबाई. तिचा मोठा मुलगा अश्विन एक कॉमिक्स परत करायला घरून गेला होता, तो परत आलाच नाही.

तेव्हा हे लोक अकोल्याला राहत. जुन्या शहरात देवमनचं भाड्यानं कॉमिक्स देण्याचं दुकान होतं. पोरं पुस्तक नेतात आणि परत आणत नाहीत, म्हणून देवमननं एक नामी युक्ती काढली होती. प्रत्येक कॉमिक्सचं शेवटचं पान तो फाडून घ्यायचा आणि गल्ल्यापाशी सुतळीत ओवून टांगायचा. पुस्तक परत करा, उभ्या उभ्या शेवट वाचा आणि घरी जा. ज्याला गोष्टीचा शेवट हवा असेल तो झक मारत पुस्तक घेऊन येणारच!

ललितचे पाय तेव्हा पेडलला पुरत नसत, म्हणून पुस्तक परत करण्याचं काम अश्विनकडे. दिवेलागणीला तो परत यायचा, अंगणात सायकलचं स्टँड खट्ट वाजायचं आणि दारातूनच हाक यायची, "ललित्या, शेवट आयक!" मग तो चुलीपुढे बसून, हातवारे करत, शेरूसारखा भुंकत शेवट सांगायचा. ललितचं ताटातलं जेवण निवून जायचं.

एका संध्याकाळी रातपाल भुयारात अडकला होता. छत खचत होतं. त्यानं ते आपल्या खांद्यांवर पेललं होतं, गावकरी त्याच्या पायांमधून सरपटत बाहेर पडत होते आणि कंदिलाची वात बारीक होत चालली होती. तिथेच पानं संपली. अश्विन पुस्तक घेऊन गेला. परत येताना रस्त्यावर कापसाचा ट्रक आला. पुढचं त्या घरात कुणी कधी बोललं नाही.

ललित मोठा झाला, नोकरीला लागला, अमरावतीला आला. पहिल्या पगारापासून तो जुने रातपाल शोधू लागला. रद्दीवाल्यांकडे मिळाले, पुढे मोबाईलवरून मिळाले. आणि शेवटच्या पानासकट पूर्ण अंक हाती आल्यावर त्याला एक गोष्ट कळली, ती त्यानं कुणालाच सांगितली नाही. दादानं सांगितलेला एकही शेवट पुस्तकात नव्हता. पुस्तकात शेरूचा पाय तुटला होता. दादाच्या शेवटात तो चोराची पँट फाडून पळाला होता. पुस्तकात गावची आंधळी आजी जळून मेली होती. दादाच्या शेवटात तिनं रातपालला भाकर वाढली होती. ललित हळवा आहे, वाईट शेवट ऐकला तर जेवत नाही, हे दादाला ठाऊक होतं. म्हणून तो लेकाचा दर वेळी धादांत खोटं बोलला होता! हे कळलं त्या दिवशी ललित न्हाणीघरात जाऊन रडला.

भुयाराचा अंक मात्र इतकी वर्षं मिळत नव्हता. तो या हिवाळ्यात टपालानं आला. ललितनं तो दिवेलागणीला उघडला, शेवटच्या पानापर्यंत आला, आणि अंगणात सायकलचं स्टँड खट्ट वाजलं.

घरात कुणाचीच सायकल नव्हती. त्यानं बाहेर जाऊन पाहिलं. लख्ख झाडलेलं अंगण आणि स्वतःची स्कूटर, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच झालं. खट्ट, मग चपलांचा आवाज, आणि तो आवाज उंबऱ्यापाशी येऊन थांबायचा. हाक मात्र येत नसे. तरी ललित रोज तोच अंक उघडायचा. भीती वाटायची; आणि एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर, याची भीती त्याहून मोठी होती.

"माय, तुले काही आइकू येते का?" त्यानं एकदा विचारलं.

"आपल्यात भूतबित मानत नाई," पंचफुलाबाई म्हणाली. त्यानं भुताचं नावही काढलं नव्हतं.

त्या घरात दिवेलागणीला दाराची कडी लावलेली तिला खपत नसे. हवा येते, म्हणायची. पौषातल्या थंडीत दातावर दात वाजत असले तरी हवा येते! रश्मी लग्न होऊन आली तेव्हापासून हे बघत होती आणि सासूच्या हवेपुढे तिनं हात टेकले होते.

छापलेला शेवट समोर होता, पण ललितला तो नकोच होता. दादा त्या संध्याकाळी कोणता शेवट घेऊन घरी येत होता, ते त्याला हवं होतं. ते माहीत असलं तर एकाच माणसाला असणार. रविवारी त्यानं अकोल्याची एसटी धरली.

देवमन म्हातारा झाला होता. दुकानाच्या जागी नातवाचं मोबाईलचं दुकान होतं आणि तो त्याच्या पायरीवर उन्हाला बसला होता. ललितनं नाव सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"अश्विनचा भाऊ होय तू? बस बावा."

"काका, त्या दिवशी दादा काही बोलला होता का तुमच्यापाशी?"

देवमननं बराच वेळ हातावर तंबाखू चोळली आणि तशीच खाली टाकून दिली. "थ्या पोट्ट्यानं पान वाचलं. मंग पुन्यांदा वाचलं. मले म्हने, काका, रातपाल मेला. हे मी ललित्याले कसं सांगू, तो जेवनार नाई. मी म्हटलं, मंग काय सांगशीन? तं म्हने, अजून काही सुचून नाई रायलं. जाता जाता जुळवतो."

"जाता जाता?"

"हो. सायकलवर बसला, अन आपल्याच तंद्रीत गेला." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "मी पान फाडलं नसतं तं बरं झालं असतं बावा."

ललितनं त्याचा हात धरला. एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला. आता त्याला कळलं होतं की पावलं उंबऱ्यापाशी का थांबतात. दादाचा शेवट अजून जुळलाच नव्हता. रिकाम्या हातांनी हाक कशी मारणार?

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. रश्मी बाजारात गेली होती. पंचफुलाबाई पाटावर बसून मेथी निवडत होती. ललितनं अंक घेतला आणि पहिल्यांदाच शेवटचं पान उलटलं. भुयार बुजलेलं. बाहेर कंदील पडलेला आणि त्याच्यापाशी शेरू बसलेला, एकटा.

अंगणात खट्ट वाजलं. पावलं उंबऱ्यापाशी आली आणि थांबली.

ललितनं पुस्तक मिटलं. तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "दादा, शेवट आयक."

मेथी निवडणारे हात थांबले.

"छत पडलं. सारे म्हणाले रातपाल मेला. पण भुयाराले मागून दुसरं तोंड होतं, ते एका विहिरीत निघे. तिथं एक बाई पाणी शेंदून रायली होती. तिले बादली जड लागली. पायते तं काय, दोराले माणूस! तिनं हाका मारल्या, लोकं धावले, वर काढला. अंगावर माती, एक चप्पल नाई, पण जिता. शेरू वासावर तिथंच आला अन पार अंगावर चढला." त्याचा आवाज फुटला, तरी तो थांबला नाही. "त्याले खूप उशीर झाला होता दादा, पण तो घरी पोचला."

बाहेर कुणी श्वास सोडल्यासारखं झालं. की वारा होता, कोण जाणे.

"मंग त्याच्या मायनं काय केलं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

ललितनं तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती दाराकडे पाहत होती.

"त्याच्या मायनं त्याले जेवाले वाढलं. रागावली नाई."

"काहून रागावन बाप्पा," म्हातारी म्हणाली. मांडीवरची मेथी तिनं बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उंबऱ्यापर्यंत गेली. चौकटीवरून तिनं तळहात फिरवला, ताप पाहावा तसा.

"आइकलं ना? झालं मंग. जाय आता बापू, लय वर्सं उभा रायला."

अंगणात स्टँड निघाल्याचा आवाज झाला. चेनची करकर रस्त्याकडे गेली, बारीक झाली, आणि मग गल्लीत शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

पंचफुलाबाईनं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.