दाजींचं गाऱ्हाणं आणि शहाण्णव हजार

“गाराणा काय टेस्टिंगाक घालतत? साद घातलंय काय देव येता. माइक बघूक बोलवू तेका?” दाजी कडाडले.

दाजी म्हणजे सत्यवानचे चुलते. देवळात नारळ ठेवून साऱ्या गावातर्फे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान तीस वर्षं त्यांचा; प्रत्येक मागण्याला गाव “व्हय म्हाराजा” म्हणून साथ देतो. सोमवारी गोव्यात त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. म्हणून जत्रेत देवळात लावायला त्यांचं गाऱ्हाणं आधीच टिपून ठेवायचं ठरलं. कॅसेटला इथल्या हवेत बुरशी चढते, म्हणून मालवणच्या तहसील कचेरीत जन्म घालवलेला सत्यवान जुना कॉम्प्युटर मांडून बसला होता, आणि पुरता गोंधळला होता. चव्वेचाळीस हजार शंभर, अठ्ठेचाळीस हजार की शहाण्णव हजार? सोळा बिट की चोवीस? कचेरीतला कुठलाही फॉर्म इतका आगाऊ नव्हता.

त्याने मुंबईच्या मेव्हण्याला, अजयला, फोन लावला.

“सेकंदाक आवाज किती येळा टिपूचो, तो आकडो. बिट म्हणजे किती बारीक टिपूचो. सोळा नि चव्वेचाळीस पुरे. तुमचो डबो जुनो आसा, भावजी.”

पुरे? सत्यवानला रागच आला. माणूस आठवड्यात मुका होणार, आणि त्याचा आवाज पुरेल एवढाच घ्यायचा? त्याने शहाण्णव हजार आणि चोवीस ठोकून दिलं. दाजींनी “एक, दोन, तीन” म्हटलं, ते झकास वाजलं. मग नारळ ठेवून त्यांनी बारा मिनिटं गाऱ्हाणं घातलं.

“टिपून इला मा सगळा?” दाजींनी विचारलं.

“इला, काकानू.”

दाजी गेल्यावर त्याने ऐकलं. पहिलं मिनिट ठीक होतं. पुढे मशीनला ओझं पेललंच नव्हतं, शब्दाशब्दाला भोकं पडली होती.

“जावन सांगा तेंका,” बायको यशोदा म्हणाली. “परत घालतीत.”

“देव येवन गेलो गो. काका तेका परत नाय बोलवूचे.”

काय करावं ते त्याला कळेना. तो तिथेच बसून रडला. दाजींना मात्र सांगायचा धीर झाला नाही.

ऑपरेशनमध्ये आवाज गेला. जत्रेला दाजी गळ्याभोवती मफलर गुंडाळून देवळात आले. नारळ ठेवला आणि सत्यवानला खूण केली, लाव. गाव हात जोडून उभा होता.

सत्यवान दाजींजवळ गेला. “काकानू, माझ्याकडे अर्धामुर्धाच आसा. चूक माझी.”

 दाजींनी पुतण्याकडे तोंड करून सावकाश ओठ हलवायला सुरुवात केली. सत्यवान ते वाचून मोठ्याने म्हणू लागला. एका देवाच्या नावाशी तो अडखळला. दाजींनी तेच नाव ओठांनी परत सांगितलं, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा त्याला कळलं, त्याने ते म्हटलं, आणि गाव म्हणाला, “व्हय म्हाराजा!”