मंगळवारची शिकवणी

गंगापूर रोडवरच्या त्या मिसळीच्या हॉटेलात रविवारचे नऊ ते अकरा म्हणजे पॉवरप्ले. संपलेला पदार्थ रनआउट. जास्तीची शेव, वर तर्रीचा जाड तवंग, ती प्लेट माहेरची. आणि निम्मी मिसळ खाऊन मग खोट काढणारं गिऱ्हाईक म्हणजे सासूबाई, मग त्याला मिशा का असेनात.

हे सगळे शब्द छायाताईचे. अकरा वर्षं मुख्य शेगडी तिची, आणि शेजारी कांदा चिरता चिरता खिदळणारी नवसाबाई. शेगडी सोडायची झाली की छायाताई नवसाबाईच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "खो," आणि डाव तिच्या हातात देई. दुसऱ्या कोणाला तिने कधी खो दिला नव्हता.

त्या रविवारी मालक दिवाकरशेठ एका बाईंना घेऊन आले. "ह्या साळूबाई, वणीच्या. आजच्या गर्दीपुरत्या मदतीला."

"या की. आमची भाषा जरा येडी आहे हं," छायाताई म्हणाली. "कळलं नाही तर विचारा."

साळूबाई नुसती हसली.

साडेनऊला वेटर भिकनने खिडकीतून हाळी दिली, "चार नंबरला सासूबाई."

छायाताई समजावायला वळेपर्यंत साळूबाईने नवी वाटी घेतली, कढत रस्सा ओतला, लिंबाच्या दोन फोडी जास्त ठेवल्या आणि प्लेट सरकवलीसुद्धा. वर म्हणाली, "पाव रनआउट व्हायला आले."

छायाताईचा डाव कढईतच थांबला. "आजच आलात ना तुम्ही?"

"नाय ओ ताई, चार मंगळवार झाले. नवसाबाईंनी शिकवलं सगळं, लय मायेनं."

मंगळवार. छायाताईची सुट्टी.

नवसाबाई कांद्यावर वाकली होती. "शेठ म्हणाले, छायाच्या जागी तयार कर हिला, नाहीतर तूही जा," ती पुटपुटली.

"आणि दर बुधवारी माझ्या डब्यातली भाजी गिळवत होती तुला?"

नवसाबाईने पदराने डोळे पुसले. कांद्याचं निमित्त आयतंच होतं.

मसाला करपायला आला तशी छायाताई शेगडीपासून बाजूला झाली. सवयीने नवसाबाईने पाठ पुढे केली. छायाताईचा हात अर्ध्यावर गेला आणि माघारी आला. मग तिने साळूबाईच्या पाठीवर हलकी थाप मारली, डाव तिच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "खो."

साळूबाई डाव धरून नुसती बघत राहिली. तेवढं एक नवसाबाईने शिकवलं नव्हतं.