ईदचा सदरा

“कंपौंडर, हात वर करा की जरा,” उत्तरेश्वर शिंपी म्हणाला. फकरुद्दीनने हात वर केले आणि नजर दाराकडे वळवली. छातीवर टेकलेल्या टेपची थरथर त्याला बघवेना.

नळदुर्गात आण्णासाहेब डॉक्टरांकडे तो बारा वर्षं पुड्या बांधत होता. गेल्या साली उत्तरेश्वरचा थोरला भाऊ ज्ञानोबा भ्रमिष्ट झाला. सोलापूरच्या डॉक्टरांनी डोक्यावरच्या नव्या गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांत गडी माणसांत आला. पुढे उत्तरेश्वरलाही नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हा त्यांची आई कडूबाई धाकट्याला घेऊन दवाखान्यात आली.

“ह्यालाबी सोलापूरला न्यावं का वो?”

डॉक्टर गावाला गेले होते. फकरुद्दीन हसला. “एकाच आईचे दोघं, मावशी. रक्त एक, मग औषध दुसरं कशाला?” ज्ञानोबाच्याच गोळ्या, तेवढ्याच त्याने पुडीत बांधल्या. मागाहून डॉक्टरांच्या कानावरही घातलं नाही.

चौथ्या दिवशी उत्तरेश्वरची मान वाकडी झाली, जबडा आवळला. कडूबाई धावत आली. चुकलं हे फकरुद्दीनला तेव्हाच कळलं होतं. पण गाव त्याला अर्धा डॉक्टर म्हणू लागलं होतं, आणि ते त्याला गोड लागत होतं. “औषध भिनतंय. बंद करू नका,” तो म्हणाला.

महिन्याने त्याला सोलापूरला नेलं, तेव्हा तिथले डॉक्टर संतापले. “सख्खे भाऊ असले तरी शरीरं वेगळी. एकाला पचतं ते दुसऱ्याच्या अंगात साचतं. याला चौथा हिस्सा पुरला असता. ही मात्रा कुणी दिली?”

सोबत आलेला फकरुद्दीन मागेच उभा होता.

“माजंच चुकलं, सायेब,” कडूबाई म्हणाली.

उत्तरेश्वरचे आवाज थांबले. मान मात्र वाकडीच राहिली, आणि शिवणारा हात कापरा झाला.

ईदच्या सकाळी सदरा आला. शिवण नागमोडी, तिसरं काज बटणापासून बोटभर खाली.

“लाव इधर, मैं उसवके फिरसे डाल देतूं,” त्याची बायको शरिफाबी म्हणाली.

“रहने दे,” म्हणून त्याने तो तसाच चढवला, नमाज पढला आणि दरसालसारखा शीरखुर्म्याचा डबा घेऊन कडूबाईच्या दारात गेला. आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“मावशी, चूक तुमची नव्हती. गोळ्या मी दिल्या. बंद करू नका, हे पण मीच म्हणलो.”

“ठावं हाय मला.” तिने डबा घेतला. मग आवाज खाली आणला. “त्यो बगतोय. सदरा चांगला झालाय म्हना.”

मशीनमागून उत्तरेश्वर वाकड्या मानेने बघत होता. फकरुद्दीनने उघड्या काजावर तळहात ठेवला.

“झकास बसलाय, उत्तरेश्वर,” तो म्हणाला.