बाबांचं लिव्हर आणि माझी हुशारी

वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला वाटायचं, आपण कुणालाही काहीही पटवून देऊ शकतो. बाबांना तर चुटकीसरशी! म्हणून विज्ञानाचं पुस्तक उघडून त्यांना सांगितलं, "बाबा, लिव्हर कापलं तरी परत वाढतं!"

वाटलं, हुरूप येईल, पिणं सोडतील. आला की हुरूप! दुसऱ्या दिवसापासून ग्लास भरताना म्हणायला लागले, "मास्तरीणबाई, परत वाढतंय ना? मग घाबरतेस कशाला?"

"घ्या," आई म्हणाली, "माकडाच्या हाती कोलीत!"

मग मी लिव्हरचं सिरप आणलं. बाबा फर्निचरला पॉलिश करतात, मापाशिवाय त्यांचा हात चालत नाही. त्यांनी सिरपचंही माप ठरवलं. एका पेगला दोन चमचे. "पॉलिशला स्पिरिटमध्ये चपडा लाख मापात घालतो, तसं हे," म्हणाले. सहा महिने तो चमचा मीच धरला. मैत्रिणींना ऐटीत सांगितलंसुद्धा.

परवा सोमवारी डबा द्यायला गेले, तर बाबा दुकानाच्या दारात कपाटाचा रंग जुळवत बसलेले. त्यांनी उन्हात वर पाहिलं. डोळ्यांतलं पांढरं हातातल्या नमुन्याच्या पट्टीइतकं पिवळं होतं.

"बाबा, डोळे बघा आरशात!"

"बघितलेत गं. पंधरा दिवस झाले." पट्टी खाली ठेवत ते म्हणाले, "तू सिरप देतेयस ना, म्हटलं उतरेल."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्यांचं फुगलेलं पोट तपासलं, मग आईला आणि मला बाहेर बोलावलं. मी सिरपची बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"याने काही होत नाही. दारू कायमची बंद, आणि तीही इथे दाखल होऊन. घरी एकदम सोडली तर झटके येतात."

"पण लिव्हर परत वाढतं ना?"

"चांगलं असेल तर. यांचं आतून वण धरून दगड झालंय. उरलंय तेवढं टिकवायला बघू."

आत बाबांच्या हाताला सलाइन लावलेलं. "काय म्हणाल्या गं? वाढेल ना परत?"

आईने तोंड फिरवलं. 'हो' म्हणणं मला काय अवघड होतं!

"नाही बाबा. मी अर्धंच पान वाचलं होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते.