सरांची ढेरी आणि थरथरता रेणू

माझी नात रेणूंना ढुशी देते आणि ते किती वेळ थरथरतात ते मोजते. हसू नका, याचा तिला पगार मिळतो.

हवा उपसलेल्या पोलादी भांड्यात प्लॅटिनमचा तुकडा, त्यावर वायूचे रेणू दाटीवाटीने बसलेले. लेझरचा पहिला झोत ढुशी देतो, दुसरा मागून येऊन बघतो, थरथर उरलीय का. धातूवर ती टिकतच नाही. पापणी लवायचा विचार मनात येईस्तोवर रेणू हलून गप्प! दुसऱ्या झोताला उशीर करायचा तर त्याच्या वाटेतला आरसा केसभर मागे सरकवायचा. मला नवऱ्याला जन्मभर वेळेवर घरी आणता आलं नाही, आणि ही उजेडाला ताटकळवते.

झोत जुळले की पडद्यावरच्या रेघेत खळगा पडतो, तीच थरथरीची खूण. तो खळगा म्हणजे पोरीची पीएचडी. थोडीच मोजणी उरली होती, पण सोमवारी लेझर जाणार होता तिच्या सरांच्या भाच्याकडे, त्याच्या प्रयोगाला.

त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष आणि खजिनदार बघायला आले. खोली भरलेली दिसावी म्हणून सरांनी आम्हा पोरांच्या घरच्यांनाही बोलावलं. सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड रंगीत चष्मे. सर समजावता समजावता टेबलावर वाकले आणि त्यांची ढेरी आरशाला लागली. पडद्यावरचा खळगा गडप! रेघ सपाट, इस्त्री केल्यासारखी.

"आजी, मेले मी," नात कुजबुजली. "हे परत जुळवायला महिना जाईल."

सरांची पाठ पडद्याकडे. "बघा, रेणू कसा थरथरतोय!"

अध्यक्ष आणि खजिनदार माना पुढे काढून सपाट रेघ बघू लागले. नातीने तोंड उघडलं, मी तिच्या पायावर पाय दिला.

"अगंबाई, दिसला की! तोंडी परीक्षेला उभ्या पोरासारखा लटपटतोय मेला!"

अध्यक्षांनी चष्मा सावरला. "हो हो. दिसतोय."

"मला तर दोन दिसताहेत," खजिनदार म्हणाले.

"वा!" अध्यक्ष खूश झाले. "सर, पुढच्या महिन्यात परदेशी पाहुणे येताहेत. त्यांना हेच दाखवायचं. तोवर इथली टाचणीसुद्धा हलवायची नाही."

तेव्हा कुठे सरांनी मागे वळून पाहिलं. थरथर धातूवर टिकत नसेल, सरांच्या गालांवर चांगली टिकली.

"पण सर, सोमवारी लेझर..." नात साळसूदपणे म्हणाली.

"भाच्याचं बघू नंतर," सर घाम पुसत म्हणाले. "तू आधी ते... ते जसं दिसत होतं, तसं कर."

महिनाभर पोरगी आरशांशी झटली. खळगा सापडला, उरलेली मोजणीही उरकली. पाहुणे आले तेव्हा पडद्यावर खराखुरा, देखणा खळगा. सरांना दाराजवळ उभं केलं होतं, ढेरीसकट.

अध्यक्षांनी बराच वेळ निरखलं आणि नाक मुरडलं. "मागच्या वेळी जास्त छान थरथरत होता."

"आणि दुसरा कुठे गेला?" खजिनदारांनी विचारलं.