आयरीन रोज ‘बरं आहे’ म्हणायची

अमेरिकेतल्या टोलेडोच्या फेडरल कोर्टात लिऑन वोझ्नियाक बाकावर बसला होता खरा, पण त्याचं बूड टिकत नव्हतं. काचेच्या कारखान्यात उभी हयात गेलेली, बसून राहायची सवयच नव्हती.

दावा त्याने कारखान्याच्या आरोग्य योजनेवर लावला होता. पक्षाघातानंतर त्याची बायको आयरीन इस्पितळात असताना योजनेने मध्येच खर्च थांबवला. पुढचे दिवस त्याने घर गहाण टाकून काढले. ती वाचली नाही. ती किती आजारी होती, एवढंच त्याला न्यायाधीशबाईंना सांगायचं होतं. पण त्याच्या वकील डेनिसबाई म्हणाल्या, असल्या दाव्यात साक्ष होत नाही. योजनेपुढे जे कागद होते तेवढेच कोर्ट बघतं.

“मग मी आलो कशाला?”

“कोट शोभतोय तुम्हाला. गप बसा.”

योजनेचा वकील उठला आणि इस्पितळाच्या नोंदी वाचू लागला. नर्स रोज सकाळी विचारी, कसं वाटतंय? आयरीनचं उत्तर रोज एकच, बरं आहे, तक्रार नाही. त्यावरून योजनेच्या डॉक्टरांनी ठरवलं की रुग्ण सुधारली.

लिऑनच्या अंगाची आग झाली. त्यांच्या गल्लीत सगळे हेच म्हणतात. त्याचा सासरा छातीत कळ येत असतानाही हेच म्हणाला होता. तो उठू लागला, तशी डेनिसबाईंनी त्याची बाही ओढली.

मग त्यांनी त्याच कागदांतलं पुढचं वाचलं. कूस बदलायला दोन माणसं लागत होती. पाजलेलं पाणी ओठांतून ओघळत होतं. योजनेच्या डॉक्टरांनी हे वाचलं होतं का, न्यायाधीशबाईंनी विचारलं. योजनेच्या वकिलाने पानं उलटली आणि सांगता येत नाही म्हणाला. योजनेने नव्याने विचार करावा, असा हुकूम झाला.

“म्हणजे परत त्यांच्याच दारात?” बाहेर आल्यावर लिऑन म्हणाला.

“हो. पण आता तुमचं म्हणणं कागदांना जोडता येईल. मघाशी उठत होतात ना, ते सांगा. मी लिहून घेते.”

तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला. बसला, पुन्हा उठला. परक्यांपुढे हे काढलेलं आयरीनला मुळीच आवडलं नसतं.

“लिहा,” तो म्हणाला. “माझी बायको खोटं बोलत होती. रोज सकाळी. मी समोर असलो की जास्तच.”